मावशी, टर्की दगड झालीय!

पाळीव टर्कीला उडता येत नाही म्हणतात, पण नोव्हेंबर लागला की माझ्या टपालात ती भरारी मारून येते. एरवी तुम्ही मला पुरणाचा कट पातळ का झाला, बिरड्याला मोड का येत नाहीत, असं विचारता. या महिन्यात मात्र सगळा पक्षीमेळा. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, म्हणजे हा अंक हातात पडेल तेव्हा तुमच्यापैकी निम्म्यांच्या फ्रीजरमध्ये पक्षी येऊन बसलेला असेल. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की मी कोल्हापूरची, १९९० पासून मिनेसोटात आहे, आणि त्यातली २२ वर्षं एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काढली. अमेरिकेत सगळ्यात जास्त टर्की पिकवणारं राज्य आमचं, त्यामुळे या पक्ष्याशी माझी सलगी जरा जास्तच.

प्रश्न : मावशी, आम्ही चार मराठी घरं मिळून थँक्सगिव्हिंग करतो. गेल्या वर्षी टर्कीची पाळी माझी होती. १३ पौंडांची फ्रोजन टर्की रविवारी आणली, फ्रीजरमध्ये टाकली आणि विसरलो. बुधवारी रात्री ११ वाजता आठवलं. घाबरून बाथटबमध्ये गरम पाणी सोडलं, त्यात ती ठेवली आणि झोपलो. सकाळी वरून लिबलिबीत, आत दगड, आणि वास विचारू नका. बायकोने पिशवीत बांधून कचऱ्यात टाकली. पाहुण्यांना अंडाकरी-भात वाढला. वर्षभर सगळे मला 'अंडाकरी' म्हणून हाक मारताहेत. यंदा पुन्हा पाळी माझीच. ऑफिसातली एकजण म्हणते, फ्रोजन टर्की तशीच्या तशी ओव्हनमध्ये घालता येते. खरं आहे का? की पुन्हा अंडी आणून ठेवू? – एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : अंडी आणून ठेव, घरात असावीतच. पण ऑफिसातली बाई खरं बोलतेय. गोठलेली अख्खी टर्की थेट ओव्हनमध्ये भाजता येते आणि ती खायला सुरक्षित असते. इथलं कृषी खातंच तसं सांगतं. अट एकच, वितळलेल्या टर्कीला लागतो त्याच्या निदान दीडपट वेळ हाताशी हवा.

आधी तुझ्या बाथटबचं बोलू, कारण तिथेच सगळं बिघडलं. टर्की टपात ठेवली हे चुकलं नाही, पाणी गरम घेतलंस हे चुकलं. ४० ते १४० फॅरेनहाइट, म्हणजे साधारण ४ ते ६० सेल्सियस, या पट्ट्यात जंतूंची दिवाळी असते. गरम पाण्यात टर्कीची कातडी तासाभरात त्या पट्ट्यात पोचली आणि पोटातला बर्फ हलायच्या आत रात्रभर तिथेच बसली. ओट्यावर उघडी ठेवली असतीस तरी हेच झालं असतं. फेकून दिली ते बायकोने बरोबरच केलं, तिला माझा नमस्कार सांग.

खरी गंमत अशी, की रविवारी आणलेली टर्की वरच्या फ्रीजरऐवजी खाली फ्रीजमध्ये ठेवली असतीस, तर हे पत्र लिहायची वेळच आली नसती. फ्रीजमध्ये दर ४-५ पौंडांना एक दिवस असा हिशेब असतो. १३ पौंडांना तीन दिवस. रविवार ते बुधवार, बरोब्बर. बुधवारी रात्री आठवलं तर दुसरा मार्ग थंड पाण्याचा. टर्की वेष्टणासकट थंड पाण्यात बुडवायची, दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचं आणि पौंडाला अर्धा तास धरायचा. म्हणजे तुझ्या पक्ष्याला साडेसहा तास आणि तेरा वेळा पाणी. रात्री ११ ला बसलास तर काकड आरतीच्या वेळी उठशील. तिसरा मार्ग थेट ओव्हनचा, आणि मला विचारशील तर त्या रात्री मी तोच धरला असता. रात्रभर झोपायला मिळतं.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. १९९१ साली इथे हॅलोविनच्या दिवशी बर्फाचं वादळ झालं, आमच्या मिनियापोलिसात २८ इंच बर्फ पडला. नोव्हेंबरअखेरीस आमच्या घरचं पहिलं थँक्सगिव्हिंग. फ्रीज छोटा, त्यात पाहुण्यांसाठी केलेलं श्रीखंड आणि दोन पातेली रस्सा. टर्कीला जागा नाही. मी शहाणपणा केला, टर्की नेऊन गॅरेजमध्ये ठेवली, म्हटलं तिथे गार असतं, हळूहळू वितळेल. गार! गॅरेजमध्ये पारा शून्याच्या किती खाली होता ते मी बघितलंच नव्हतं. तीन दिवसांनी पक्षी आणला तर दुकानातून आणला होता त्यापेक्षा कडक. नवऱ्याने टेबलावर ठेवला तेव्हा लाकडावर वरवंटा आपटावा तसा आवाज झाला. शेजारच्या नॉर्वेजियन आजी दारात उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या, 'ओव्हन लाव आणि वाट बघ.' त्यांनी त्यांच्या आईला असंच करताना बघितलं होतं.

आता कृती. जेवण दोनला असेल तर सकाळी सातला ओव्हन ३२५ फॅरेनहाइटवर तापत लाव, साडेसातला टर्की आत. १३ पौंडांची वितळलेली टर्की या आचेवर तीन ते पावणेचार तासांत होते. गोठलेलीला साडेचार ते साडेपाच तास धर. लवकर झाली तर बरंच, फॉइल झाकून तासभर ती सहज गरम राहते. उशीर झाला तर पाहुणे बटाट्याच्या किसावर ताव मारतील आणि मग टर्की कोण खाणार.

एवढा वेळ का, हे एकदा समजून घे म्हणजे मध्येच आच वाढवायचा मोह होणार नाही. एक ग्रॅम बर्फाचं नुसतं पाणी करायला ८० कॅलरी उष्णता जाते, आणि तेवढ्या वेळात तापमान काटाभरही चढत नाही, शून्य सेल्सियसवरच बसून राहतं. तेवढ्याच उष्णतेत शून्य अंशाचं पाणी ८० अंशापर्यंत तापलं असतं. पहिले दोन तास ओव्हन हे काम मुकाट्याने करत असतो. बाहेरून काही घडतच नाहीय असं वाटतं. तिथे लोकांचा धीर सुटतो, ते आच ४५० करतात, आणि मग बाहेर कोळसा, आत बर्फ. ३२५च्या खालीही उतरू नकोस, कारण मग पक्षी त्या जंतूंच्या पट्ट्यात नको तितका रेंगाळतो.

प्लास्टिक निघत नसेल तर नळाच्या थंड पाण्याखाली मिनिटभर धर, सुटतं. वेष्टणाची जाळी, लेबल, सगळं काढ. तंगड्या अडकवलेली ती पांढरी कडी उष्णता सोसणारी असते, गोठलेली असताना तिच्याशी झटापट करू नकोस. टर्की छाती वर करून जाळीवर ठेव, जाळी उथळ ट्रेमध्ये. ट्रे दुकानातला पातळ फॉइलचा असेल तर एकात एक असे दोन घे आणि खाली बेकिंग शीट ठेव. पाच तासांनी त्यात तीन-चार वाट्या उकळतं पाणी आणि चरबी साठलेली असते. एका हाताने तो ट्रे उचलायला गेलेला माझा भाचा अजून डाव्या मनगटावर खूण घेऊन फिरतो.

मीठ-मसाला सुरुवातीला लावू नकोस, दगडावर तो राहत नाही. अडीच तास होऊ दे. तेव्हा कातडी मऊ पडलेली असते, तंगडी धरून हलवली तर थोडी हलते. आता ट्रे बाहेर काढ. दाराशी घुटमळू नकोस, आणि दार बंद कर.

मग खरं काम, पुडी शोधायची. टर्कीच्या पोटात कंपनीने दोन वस्तू लपवलेल्या असतात. एक वीतभर लांबीची मान, ती पोटाच्या मोठ्या पोकळीत. दुसरी कागदी पुडी, तिच्यात कलेजी, दिल आणि पोटा, ती बहुतेक वेळा मानेकडच्या कातडीच्या घडीखाली. गोठलेली असताना या निघत नाहीत, म्हणून लोक नाद सोडतात आणि तशाच शिजवतात. अडीच-तीन तासांनी लांब चिमट्याने पोकळीत चाचप. पहिल्यांदा काही हलत नाही, आत बर्फाचा गोळा लागतो. चिमटा थोडा फिरव. कट्ट असा बारीक आवाज होतो आणि मान सुटते, तिच्यामागे गुलाबी पाण्याची धार ट्रेमध्ये पडते. मानेकडच्या घडीखालची पुडी सुटली नाही तर पक्षी आणखी अर्धा तास आत ठेव आणि पुन्हा बघ. मान आणि पुडीतलं सामान छोट्या पातेल्यात पाणी, मिरी आणि कांदा घालून पूर्ण शिजेपर्यंत उकळत ठेव, ग्रेव्हीला तेच लागतं. गोठलेल्या टर्कीच्या ट्रेमधला रस पाणचट असतो, त्यावर एकट्यावर ग्रेव्ही उभी राहत नाही.

चिमट्याचं काम झालं की मसाला. कातडी आता चटका बसेल इतकी गरम असते, म्हणून हाताने नाही, ब्रशने लाव. अमेरिकन घरांत लोणी, लसूण, सेज, थाइम. मी लोण्यात कांदा-लसूण मसाला कालवते, पण चारच चमचे, कारण तीन तासांत मसाला करपून कडू होतो. मीठ जपून. वेष्टणावर बारीक अक्षरात ८ टक्क्यांपर्यंत द्रावण मिसळलंय असं लिहिलेलं असतं, ते द्रावण म्हणजे मिठाचं पाणी. गोठायच्या आधीच कंपनीने खारवून ठेवलेली असते. मग छाती झाकेल असा फॉइलचा तुकडा बाजूला काढून ठेव, रंग जास्त चढला तर लागेल, आणि पक्षी परत आत.

थर्मामीटर नसेल तर आजच घे, १५ डॉलरला चांगला मिळतो. घड्याळावर टर्की होत नाही, थर्मामीटरवर होते. टर्कीच्या छातीत बसवलेल्या त्या प्लास्टिकच्या बटणावरही विसंबू नकोस. कधी ते उशिरा उडतं, कधी उडतच नाही. चौथ्या तासानंतर तीन ठिकाणी टोच. छातीचा सगळ्यात जाड भाग, मांडीचा आतला भाग, आणि पंख जिथे जोडलेला आहे तिथे. हाडाला टोक लागलं तर आकडा खोटा येतो, जरा मागे घे. तिन्ही ठिकाणी १६५ फॅरेनहाइट, म्हणजे ७४ सेल्सियस, दिसलं की झालं. एक ठिकाणी १५० दिसलं तर झालेलं नाही, बाकी कितीही सोनेरी दिसो. बाहेर काढून अर्धा तास हात लावू नकोस, रस आत मुरू दे.

आता दोषही सांगते. कातडी वितळलेल्या टर्कीसारखी कुरकुरीत होत नाही. मिठाच्या पाण्यात आदल्या रात्री मुरवणं होत नाही. पोटात पाव-कांद्याचं सारण अजिबात भरायचं नाही, ते शिजायच्या आत पक्षी वाळून जाईल आणि सारण कच्चंच राहील, सारण वेगळ्या भांड्यात भाज. पण एक फायदा आहे, जो मला तिसऱ्या वर्षी कळला. तंगड्या बाहेर आलेल्या असतात, बारीक असतात, त्या आधी वितळतात आणि आधी शिजतात. छाती जाड, ती शेवटपर्यंत आतून गार असते. तंगड्यांचं मांस १७५-१८० लागेपर्यंत मऊ पडत नाही, आणि छाती १६५च्या वर गेली की भुसा. वितळलेल्या टर्कीत दोन्ही जमवायला लोक छातीवर बर्फाच्या पिशव्या ठेवण्यापासून काय काय करतात. इथे तो बर्फ आतच असतो. आमच्याकडे गॅरेजच्या त्या पहिल्या वर्षीही छातीचं मांस कोरडं झालं नव्हतं.

तुझा पक्षी १३ पौंडांचा आहे म्हणून हे सगळं. १५ पौंडांच्या वरची गोठलेली टर्की थेट घालायचा सल्ला मी देणार नाही, दिवस मावळेल. त्यापेक्षा लहान दोन घ्याव्यात. आणि यातलं काहीच नको असेल तर आमच्या विलमारची जेनी-ओ कंपनी पिशवीतली टर्की विकते, फ्रीजरमधून पिशवीसकट ओव्हनमध्ये. चव ठीक. बायकोला सांगू नकोस की मी सुचवलं.

प्रश्न : मावशी, आई सांगलीहून आलीय. टर्की न धुता शिजवली तर ती ताटाला हात लावणार नाही म्हणते. मीठ-हळद-लिंबू लावून तीन पाण्यांनी धुवायची असं तिचं म्हणणं. काय करू? – एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : आईंचं चुकत नाही, त्यांचं दुकान वेगळं होतं. डोळ्यांदेखत कापलेली कोंबडी पिसं, रक्त, पानाच्या तुकड्यासकट घरी यायची, ती धुवायलाच हवी होती. इथली टर्की कारखान्यातून साफ होऊनच येते. ती सिंकमध्ये धुतली की पाण्याचे शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर, कोथिंबिरीवर उडतात आणि साल्मोनेला घरभर फिरते. जंतू पाण्याने जात नाहीत, १६५ अंशांनी जातात.

पण आईंना हे ऐकवून उपयोग नाही, माझ्या आईलाही नव्हता. तुमच्याकडे गोठलेली टर्की असेल तर काम सोपं आहे. त्यांना म्हणावं, दगड धुवून काय निघणार? अडीच तासांनी ट्रे बाहेर आला की हळद, लिंबू आणि लोणी एका वाटीत कालवून ब्रश त्यांच्या हातात द्या आणि सगळा पक्षी त्यांना माखू द्या. माझ्या आईने तो ब्रश बघून आधी नाक मुरडलं. मग वीस मिनिटं तिने कोपरान् कोपरा पिवळा केला, पंखाखालीसुद्धा, आणि जेवताना दोनदा वाढून घेतलं.

प्रश्न : पुडी काढायची राहून गेली आणि टर्की पूर्ण शिजली. आता? – डेट्रॉइट

उत्तर : पुडी कागदी असेल तर काही बिघडलं नाही, चिमट्याने काढा आणि आतलं पूर्ण शिजलंय का बघा. प्लास्टिकची असेल आणि वितळली असेल तर पक्षी टाका. वाईट वाटेल, तरी टाका.

प्रश्न : मावशी, नवऱ्याने टर्की तळायचं मोठं पातेलं आणि गॅसची शेगडी आणलीय. तो नागपूरचा आहे, त्याला भीती नावाची गोष्ट नाही. गोठलेली टर्की थेट तेलात सोडली तर काय होईल असं विचारतोय. – अटलांटा

उत्तर : नाही, नाही आणि नाही. ओव्हनमध्ये जे चालतं ते तेलात चालत नाही. ओली मिरची तेलात टाकल्यावर काय होतं ते त्यांनी सावजी मसाल्याच्या गावात बघितलेलं असेलच. इथे मिरचीऐवजी पाच-सहा किलोचा बर्फाळ पक्षी आणि १५ लिटर कढत तेल. पाण्याची वाफ झाली की तिला मूळ पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा लागते, ती तेलाला उचलून बाहेर फेकते, तेल खालच्या ज्वाळेवर पडतं. दर नोव्हेंबरला इथले अग्निशामक दलाचे लोक मोकळ्या मैदानात हेच करून दाखवतात, ज्वाळा दोन मजले वर जाते. आमच्या गल्लीत एका सद्गृहस्थांनी हे मैदानात न जाता स्वतःच्या डेकवर केलं. डेक गेलं. टर्की आत अजून गोठलेलीच होती.

तळायचीच असेल तर पूर्ण वितळलेली, आतून-बाहेरून पुसून कोरडी केलेली, घरापासून लांब, मोकळ्या सपाट जमिनीवर. आणि तेल किती घ्यायचं ते आदल्या दिवशी पाण्यात पक्षी बुडवून मोजायचं. मग पातेलं आणि पक्षी पुन्हा कोरडे करायचे, हे सांगायला नको, पण नागपूर म्हणालात म्हणून सांगते.

प्रश्न : टर्की हा पक्षी तुर्कस्तानातला का? आणि आपल्याकडे तो कधी आला? – एक वाचक, पुणे

उत्तर : नाव तुर्कांचं, पण पक्षी अमेरिकेचा. मेक्सिकोतल्या लोकांनी तो माणसाळवला आणि सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पॅनिश लोकांनी युरोपात नेला. मग प्रत्येकाने तो दुसऱ्याच्याच देशातला ठरवला. इंग्रजांनी तुर्कांचा म्हटलं, तुर्कांनी त्याला 'हिंदी' नाव दिलं, फ्रेंचांचं 'दँद' म्हणजेही मुळात हिंदुस्थानचा. पोर्तुगीज त्याला 'पेरू' म्हणतात. म्हणजे आपल्याला कुणी पेरू वाढतो म्हणालं आणि ताटात तंगडी आली तर गोंधळू नये.

आपल्याकडचा किस्सा मात्र ऐकण्यासारखा आहे. १६१२ साली जहांगीर बादशहाचा सरदार मुकर्रब खान गोव्याच्या बंदरातून नवलाच्या वस्तू घेऊन दरबारात आला, त्यात एक टर्की होती. बादशहाने आपल्या आठवणीत तिचं वर्णन लिहून ठेवलंय. लांडोरीपेक्षा मोठी आणि मोरापेक्षा लहान, माजावर आली की मोरासारखी पिसारा फुलवून नाचते, डोकं आणि मान सरड्यासारखे रंग बदलतात. त्याने चित्रकार मन्सूरकडून तिचं चित्र काढून घेतलं. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे, निळ्या-लाल मानेचा एक रागीट पक्षी. गोव्यात नाताळला काही ख्रिस्ती घरांत पोटात सारण भरलेली टर्की आजही करतात. मी एकदा म्हापशाला खाल्ली होती. व्हिनेगरचा मसाला होता, आणि या मिनेसोटाच्या बाईने मुकाट्याने हार मानली.

प्रश्न : टर्की पाहुण्यांनी अर्धीच खाल्ली. आता चार दिवस सँडविच खायचा कंटाळा आलाय. रस्सा होतो का? – सिअॅटल

उत्तर : होतो का! माझ्या मते टर्की भाजायची ती शुक्रवारच्या रश्श्यासाठी. पण आधी शिस्त. जेवणं झाल्यावर दोन तासांच्या आत सगळं मांस हाडांवरून काढून उथळ डब्यांत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. अख्खा सांगाडा तसाच पातेल्यात झाकून ओट्यावर ठेवून गप्पा मारत बसायचं नाही. मोठ्या भांड्यात हळूहळू निवणाऱ्या मांसात असे जंतू वाढतात, जे एका उकळीने हमखास जात नाहीत. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, त्याहून जास्त ठेवायचं असेल तर फ्रीजर.

सांगाडा हाताने मोडा, नाहीतर पातेल्यात मावत नाही. आलं, लसूण, दोन तमालपत्रं, दालचिनी, सहा लवंगा, मीठ घालून बुडेपर्यंत पाणी आणि मंद आचेवर दोन तास. प्रेशर कुकर असेल तर पाऊण तास. गाळून घ्या. हा झाला आळणी. भाजलेल्या टर्कीवर हळद किंवा तिखट माखलं असेल तर ती कातडी आधी काढून टाका, नाहीतर पांढरा रस्सा पिवळा होतो आणि कोल्हापुरात तुमची अब्रू जाते.

दुसरीकडे मूठभर काजू, दोन चमचे पांढरे तीळ, दोन चमचे भिजवलेली खसखस वाटून गुळगुळीत पेस्ट. तुपात अख्खा मसाला आणि दोन चिरलेल्या हिरव्या मिरच्या, त्यावर आलं-लसूण, मग पेस्ट, मंद आचेवर, रंग न बदलता. त्यात गाळलेलं पाणी हळूहळू ओता. शेवटी नारळाचं दूध, आणि त्यानंतर खदखदू द्यायचं नाही, नाहीतर फुटतं. मांसाचे तुकडे वाढताना घाला, ते आधीच शिजलेले आहेत, पुन्हा शिजवले तर दोरे होतात. मटणाच्या रश्श्याचा जडपणा टर्कीला नाही, हे मान्य. म्हणून मी काजू जरा जास्त घालते. इथे जन्मलेल्या माझ्या नातवाला थँक्सगिव्हिंग म्हणजे काय विचारलं तर तो 'पांढरा सूप' म्हणतो. तांबडा त्याला तिखट लागतो.

प्रश्न : सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत आणि घरात ओव्हन एकच. टर्की भाजलेल्या ओव्हनमध्ये त्यांची नानकटाई करू का? – एक वाचक, शिकागो

उत्तर : उलटं करा. नानकटाई, भाज्यांचं बेक, पाव, त्यांचं जे काही असेल ते बुधवारी, टर्कीच्या आधी. त्यांच्यासाठी जाळी आणि ट्रे वेगळे आणून त्यावर खूण करा, आणि ते कपाटात वरच्या खणात ठेवा. गोठलेली टर्की सकाळपासून दुपारपर्यंत ओव्हन अडवून बसते, त्या वेळात तुम्हाला त्यात पापडसुद्धा भाजता येणार नाही, हे लक्षात ठेवून सासूबाईंचा स्वयंपाक शेगडीवरचा ठेवा. आणि ओव्हन शुद्ध करायचा म्हणून बुधवारी रात्री सेल्फ-क्लीनचं बटण दाबू नका. त्यात ओव्हन इतका तापतो की जुना असेल तर आतला फ्यूज उडतो, आणि थँक्सगिव्हिंगच्या सकाळी दुरुस्तीवाला फोन उचलत नाही. सोडा आणि ओलं फडकं, दोन आठवडे आधी.